घरचा कार्बन हिशेब ऑनलाइन कॅल्क्युलेटरवर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोसायट्यांमधून, शाळांमधून आणि गावाकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येत राहतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे सोपे आहेत, पुढे पुढे अडचणीचे होत जातात. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल, तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. कार्बन कॅल्क्युलेटर नेमकं काय मोजतो?

मोजत काहीच नाही, गुणाकार करतो. तुम्ही वर्षाला किती युनिट वीज, किती सिलिंडर, किती लिटर पेट्रोल वापरलं ते सांगायचं. तो प्रत्येक आकड्याला त्या इंधनाच्या उत्सर्जन गुणांकाने, म्हणजे एका युनिटमागे किंवा लिटरमागे किती कार्बन डायऑक्साइड हवेत जातो त्या आकड्याने, गुणतो आणि बेरीज दाखवतो. म्हणून उत्तराचा दर्जा दोनच गोष्टींवर ठरतो : तुम्ही भरलेला वापर खरा आहे का, आणि त्याने धरलेला गुणांक तुमच्या देशाचा आहे का. पहिली गोष्ट पूर्णपणे आपल्या हातात आहे, आणि बहुतेक घोळ तिथेच होतो. 'महिन्याला साधारण दोन हजार बिल येतं' असं भरलं की पुढचं सगळं अंदाजपंचे होतं. रुपये भरू नका, युनिट भरा.

२. भरायला बसण्याआधी हाताशी काय काय ठेवू?

विजेचं बिल, गॅस बुकिंगचे मेसेज, गाड्यांच्या पेट्रोलचा खर्च आणि वर्षभरातल्या विमानप्रवासांची यादी. विजेच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो, तो बघून बारा महिन्यांची बेरीज करा. एकाच महिन्याला बाराने गुणू नका. मे महिन्याचं बिल घेतलं तर वर्ष फुगतं, डिसेंबरचं घेतलं तर आटतं. सिलिंडर किती लागले हे कुणालाच आठवत नाही, पण डिलिव्हरीचे मेसेज फोनमध्ये असतात. ते मोजले की काम झालं. पेट्रोलसाठी यूपीआयचा इतिहास पुरेसा आहे. एकूण रकमेला लिटरच्या सरासरी भावाने भागा.

३. कॅल्क्युलेटर न उघडता कागदावर हिशेब जमेल का? आकडे द्या.

जमेल, आणि एकदा तरी तसा करावाच. मग कॅल्क्युलेटरचं उत्तर पटण्यासारखं आहे की नाही ते आपोआप कळतं.

विजेच्या एका युनिटमागे सुमारे ०.७२ किलो कार्बन डायऑक्साइड धरा. केंद्रीय विद्युत प्राधिकरण देशभराच्या ग्रिडचा, म्हणजे सगळी वीज केंद्रं जोडणाऱ्या तारांच्या जाळ्याचा, हा आकडा दरवर्षी काढतं आणि गेली काही वर्षं तो ०.७१ ते ०.७३ च्या आसपास आहे. १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर जळला की सुमारे ४२ किलो. पाइपचा गॅस असेल तर बिलावरच्या एका घनमीटरला (बिलात 'एससीएम' लिहिलेलं असतं) जवळपास २ किलो. पेट्रोल लिटरला २.३, डिझेल लिटरला २.७, सीएनजी किलोला २.७ किलो.

समजा पुण्यातलं चौघांचं घर आहे. महिन्याला २०० युनिट म्हणजे वर्षाला २,४००. त्याचे १,७२८ किलो. नऊ सिलिंडर, ३७८ किलो. स्कूटरला १५० लिटर पेट्रोल, ३४५ किलो. गाडीला ४०० लिटर, ९२० किलो. एकूण ३,३७१ किलो, माणशी साधारण ८४३. यात विमान, खाणंपिणं आणि खरेदी धरलेली नाही. पण एवढ्यावरूनही दिसतं की निम्मा वाटा एकट्या विजेचा आहे, आणि ज्या गॅसची आपण सगळ्यात जास्त काटकसर करतो तो नवव्या हिश्श्याइतका आहे.

४. त्याच २,४०० युनिटना एक कॅल्क्युलेटर १.७ टन सांगतो, दुसरा २ टन, तिसरा अर्ध्या टनाहून कमी. खरा कोणता?

पहिले दोन्ही खरे असू शकतात. ०.७२ हा गुणांक वीज केंद्रातून बाहेर पडणाऱ्या युनिटचा आहे. तारांमधून घरापर्यंत येताना काही वीज वाया जाते. ती गळती १५ टक्के धरली, तर तुमच्या २,४०० युनिटसाठी केंद्रात सुमारे २,८२० युनिट तयार करावी लागतात आणि हिशेब २ टनांवर जातो. काही कॅल्क्युलेटर ०.८२ हा जुना गुणांक अजून वापरतात, त्यानेही उत्तर २ टनांच्याच घरात येतं.

तिसरा बहुधा कार्बन डायऑक्साइडऐवजी नुसता कार्बन दाखवत असेल. १२ किलो कार्बन जळला की ४४ किलो कार्बन डायऑक्साइड होतो, म्हणजे ३.६७ पट. उत्तराखाली एकक काय लिहिलंय ते बघा. 'सममूल्य' असं लिहिलं असेल तर मिथेन, नायट्रस ऑक्साइड वगैरे वायूही कार्बन डायऑक्साइडच्या मापात आणून मिळवलेले असतात. पेट्रोलच्या बाबतीत फरक दिसला तर कारण वेगळं असतं : काही जण फक्त जळणाचा धूर धरतात, तर काही तेल उपसण्यापासून शुद्धीकरणापर्यंतचं उत्सर्जनही त्यात घालतात.

एक निवडा आणि दरवर्षी तोच वापरा. यंदाचा आकडा एकावर आणि पुढच्या वर्षीचा दुसऱ्यावर काढून तुलना केली, तर तुमच्या घरात काय बदललं ते कधीच कळणार नाही.

५. अमेरिकेचा किंवा इंग्लंडचा कॅल्क्युलेटर वापरला तर चालेल?

देश बदलायची सोय असेल तर चालेल, पण आधी एक चाचणी घ्या. विजेच्या रकान्यात फक्त १०० युनिट भरा, बाकी सगळं शून्य ठेवा. उत्तर ७० ते ८५ किलोच्या दरम्यान आलं तर त्याने भारताचा गुणांक घेतला आहे. २० किलोच्या आसपास आलं तर ब्रिटनचा, ३५ ते ४० आलं तर अमेरिकेचा. आपली वीज अजून प्रामुख्याने कोळशाची असल्यामुळे हा फरक पडतो.

दुसरी अडचण गृहीतकांची. थंड देशांतले कॅल्क्युलेटर घर तापवण्याचा गॅस धरूनच चालतात. घराचं क्षेत्रफळ विचारून स्वतःच तो मिळवतात. आपल्याकडे त्या रकान्याचं काही काम नाही. तिथे शून्य भरू देत नसेल तर तो कॅल्क्युलेटर सोडून द्या. इंग्लंडमधले काही कॅल्क्युलेटर रस्ते, दवाखाने, सरकारी कचेऱ्या यांचा ठरावीक वाटाही प्रत्येकाच्या माथी मारतात. तुम्ही सगळं शून्य भरलं तरी उत्तर शून्य येत नसेल, तर हेच कारण.

अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांनी मात्र तिथलाच वापरावा.

६. आम्ही पाटण तालुक्यातले. आमच्याकडची वीज कोयनेची, म्हणजे आमचं विजेचं उत्सर्जन शून्य ना?

हा प्रश्न चिपळूणहूनही येतो, आणि ज्यांच्या जमिनी धरणात गेल्या त्यांनी तो विचारणं मला अगदी रास्त वाटतं. पण उत्तर नाही असंच आहे. कोयनेचे १,९६० मेगावॉट राज्याच्या ग्रिडमध्ये जातात, त्यातच चंद्रपूर-कोराडीची कोळशाची वीज मिसळते आणि तुमच्या घरी येते ती ही सगळी मिसळलेली वीज. २०१३ च्या डिसेंबरअखेर दक्षिणेचं ग्रिडही जोडलं गेलं, तेव्हापासून सगळा देश एकाच ग्रिडवर आहे. शिवाय कोयनेचं पाणी मुख्यतः मागणी चढते त्या तासांसाठी राखून ठेवलं जातं. रात्री दोन वाजता पाटणमध्ये पंखा फिरतो तोसुद्धा बहुतांशी कोळशावर. धरणाजवळच्यांनी शून्य धरलं, तर चंद्रपूरकरांनी आपल्या नावावर एका युनिटला एक किलो धरावा लागेल. धुराचा त्रास त्यांना आधीच आहे, वर हिशेबही त्यांच्याच नावावर! सगळ्यांनी देशाचाच गुणांक घ्यावा.

७. छतावर सोलर आहे, बिल जवळजवळ शून्य येतं. शून्य भरू का?

बिलाची रक्कम किंवा 'बिल केलेली युनिट' भरू नका. नेट मीटरिंगच्या बिलात आयात आणि निर्यात असे वेगळे आकडे असतात. तीन किलोवॉटची यंत्रणा दिवसाला साधारण बारा युनिट तयार करते. त्यातली काही तुम्ही दिवसा तिथल्या तिथे वापरता, ती बिलावर येतच नाहीत. उरलेली ग्रिडला जातात, आणि रात्री एसी-पंख्यासाठी तुम्ही ग्रिडकडून परत घेता. पैशांत ही अदलाबदल बरोबरीची असली तरी रात्री येणारी वीज कोळशाची असते.

मी असं सुचवतो : कॅल्क्युलेटरमध्ये आयात युनिट भरा. निर्यात युनिटना ०.७२ ने गुणून तो आकडा शेजारी 'टाळलेलं उत्सर्जन' म्हणून स्वतंत्र लिहा, वजा करू नका. त्यामुळे दोन्ही गोष्टी दिसतात, आणि वॉशिंग मशीन, पाण्याचा पंप, इस्त्री ही कामं दुपारी उरकली तर आयात किती उतरते तेही कळतं. नुसतं शून्य लिहून मोकळं झालं की ही सुधारणा करायचं कारणच उरत नाही.

८. एकत्र कुटुंब आहे, सात माणसं. आजी आणि दोन वर्षांचं बाळसुद्धा भागायला धरायचं का?

हो, सगळ्यांना सारखं धरा. वीज आणि गॅस माणसांच्या संख्येने भागा. प्रवास मात्र ज्याचा त्याच्या नावावर. मुलगी हॉस्टेलला असेल तर ती जितके महिने घरी असते तितका तिचा हिस्सा. पाहुण्यांचा हिशेब सोडून द्या, तुम्हीही कुणाकडे तरी जाताच.

माणशी आकडा मोठ्या कुटुंबात कमी येतो, कारण एकच फ्रिज सात जणांचा असतो. म्हणून तुमच्या माणशी आकड्याची एकट्या राहणाऱ्या मित्राच्या आकड्याशी स्पर्धा लावू नका.

९. सोसायटीची लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे, टँकर हे कुणाच्या खात्यात?

सभासदांच्याच. हा भाग बहुतेक कॅल्क्युलेटरमध्ये रकानाच नसल्याने राहून जातो, आणि तो लहान नाही. समजा सोसायटीचं सामाईक मीटर महिन्याला ३,००० युनिट दाखवतं आणि घरं ४० आहेत. म्हणजे घरटी ७५ युनिट. प्रश्न ३ मधल्या कुटुंबाच्या २०० युनिटांत यानेच तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भर पडते. वार्षिक सभेच्या अहवालात फक्त रुपये छापलेले असतात, म्हणून सेक्रेटरींकडून प्रत्यक्ष बिल मागून घ्या आणि आलेली युनिट स्वतःच्या विजेत मिळवा.

जनरेटरचं डिझेल लिटरमध्ये विचारा, २.७ ने गुणा आणि घरांच्या संख्येने भागा. टँकरचंही तसंच : जाऊन-येऊन वीस किलोमीटरची खेप आणि लिटरला चार किलोमीटर धरले, तर पाच लिटर डिझेल, म्हणजे सुमारे १३ किलो. उन्हाळ्यात रोज पाच टँकर येत असतील तर महिन्याला दोन टनांच्या आसपास जातं. हा आकडा मी मुद्दाम सांगतो, कारण पावसाचं पाणी बोअरमध्ये सोडायचा ठराव सभेत मांडताना त्याचा उपयोग होतो.

१०. एसीची वीज बिलात आलीच. आणखी काही धरायचं असतं का?

असतं, आणि तेच सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे. 'गॅस संपलाय, भरावा लागेल' असं मेकॅनिक सांगतो तेव्हा तो गॅस वापरून संपलेला नसतो. एसीतला वायू बंद नळीत फिरत राहतो. तो कमी झाला याचा अर्थ कुठून तरी गळाला आणि हवेत गेला. हे वायू कार्बन डायऑक्साइडच्या शेकडो-हजारो पटींनी उष्णता धरतात. शंभर वर्षांच्या मापात आर-३२ सुमारे ६७५ पट, आर-२२ सुमारे १,८१० पट, आर-४१०ए सुमारे २,०९० पट. आर-३२ चा ८०० ग्रॅम वायू गळला तर ५४० किलो होतात, म्हणजे ७५० युनिट वीज जाळल्यासारखं. जुन्या आर-२२ च्या एसीतून तेवढाच वायू गेला तर जवळपास दीड टन.

वायूचं नाव आणि वजन एसीच्या बाहेरच्या युनिटवरच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. दरवर्षी गॅस भरावा लागत असेल तर आधी गळती शोधून जोड नीट करून घ्या, मगच भरा. एसी भंगारात देतानाही वायू काढून घेणाऱ्याकडेच द्या. नळी कापली की सगळा वायू क्षणात उडून जातो.

एसीच्या स्टार लेबलवरची वार्षिक युनिट १,६०० तासांच्या वापरावर काढलेली असतात. तुमचा वापर त्याहून कमी-जास्त असेल, म्हणून लेबलवरचा आकडा भरू नका. बिल आहे ना.

११. आम्ही शुद्ध शाकाहारी. मग खाण्याच्या बाबतीत निश्चिंत राहायला हरकत नाही ना?

मांसाहारापेक्षा कमी, हे खरं. पण दूध विसरू नका. गाई-म्हशी रवंथ करताना मिथेन सोडतात. जनावर जितकं कमी दूध देतं तितका लिटरमागचा मिथेन जास्त. कॅल्क्युलेटर जगाची सरासरी घेऊन लिटरला साधारण ३ किलो धरतात. घरात चहा, दही, ताक, तूप मिळून रोज दोन लिटर जात असेल तर वर्षाला दोन टनांवर आकडा जातो, प्रश्न ३ मधल्या विजेहून जास्त. मुलांचं दूध तोडा असं मी कधीच म्हणणार नाही. पण लग्नात वाया जाणारी बासुंदी मात्र डोळ्यांसमोर येते.

भाताचंही असंच. साठलेल्या पाण्यातल्या चिखलात मिथेन तयार होतो, ज्वारी-बाजरीच्या कोरडवाहू शेतात तो प्रश्न नाही. किलोमागे भाकरीचं पीठ तांदळापेक्षा हलकं पडतं. डाळी आणखी चांगल्या, त्यांना नत्रखतही कमी लागतं.

मांसाहार करणाऱ्यांनी परदेशी कॅल्क्युलेटरमधला 'मांसाहारी' पर्याय डोळे मिटून निवडू नये. तो रोजच्या गोमांसावर बेतलेला असतो. रविवारी अर्धा किलो मटण किंवा बुधवारी मासे हा वापर 'कमी मांस' या पर्यायाच्या जास्त जवळ आहे. किलोचा आकडा भरायची सोय असेल तर ती उत्तम. मटण कोंबडीच्या कितीतरी पट जड पडतं.

१२. गणपतीला गाडी भरून गावी जातो, पाच जण. रेल्वेपेक्षा हे बरं की वाईट?

मुंबई ते कुडाळ-सावंतवाडी साधारण ५०० किलोमीटर धरू. गाडी लिटरला १५ किलोमीटर देत असेल तर ३३ लिटर, ७७ किलो. पाच जणांत माणशी १५ किलो. भारतातल्या बसचा माणशी-किलोमीटरचा आकडा १५ ग्रॅमच्या आसपास धरतात, म्हणजे एसटीने साडेसात किलो. रेल्वेचा ८ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे ४ किलो. कोकण रेल्वेचा सगळा मार्ग २०२२ मध्ये विजेवर आला. भरलेली गाडी दुपटी-चौपटीच्या फरकाने मागे आहे, पण एकट्याने नेलेल्या गाडीचे ७७ किलो पाहिले तर ती फारच बरी. तिकीट मिळत नाही ही अडचण खरी आहे आणि तिचा दोष प्रवाशाचा नाही.

१३. मुलगा न्यू जर्सीत आहे. आमच्या विमानप्रवासाचं उत्सर्जन कुणाच्या नावावर?

जो बसतो त्याच्या. तिकिटाचे पैसे मुलाने भरले तरीही. कंपनीच्या कामाचा प्रवास असेल तर तो कंपनीच्या हिशेबात जातो, स्वतःच्या खात्यात पुन्हा धरू नका.

आकड्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या नागरी विमान वाहतूक संघटनेचा, म्हणजे आयकाओचा, मोफत कॅल्क्युलेटर आहे; दोन विमानतळ निवडले की झालं. मुंबई-दिल्ली एका बाजूला माणशी शंभर ते दीडशे किलोच्या घरात, मुंबई-न्यूयॉर्क जाऊन-येऊन दीड-दोन टनांच्या. आयकाओ फक्त इंधनाचा कार्बन डायऑक्साइड धरतो. विमानामागे उमटणाऱ्या पांढऱ्या रेषाही उष्णता अडवतात; त्या धरणारे कॅल्क्युलेटर आकडा जवळपास दुपटीपर्यंत नेतात. लांबच्या प्रवासात बिझनेस क्लासची सीट जागा जास्त अडवते, म्हणून तिचा वाटा इकॉनॉमीच्या तिपटीच्या आसपास धरला जातो.

वर्षभर घरात केलेली काटकसर अशा एका फेरीत निघून जाते, हे खरं आहे. तरीही नातवंडांना भेटायला जाऊ नका असं सांगायचं धाडस माझ्यात नाही. दोन वर्षांतून एकदा जाऊन जास्त दिवस राहणं अनेकांना जमतं.

१४. इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. ती शून्य ना?

धूर शून्य, उत्सर्जन निम्मं. शंभर किलोमीटरला तीन-साडेतीन युनिट धरा, म्हणजे सव्वादोन ते अडीच किलो. लिटरला ४५ किलोमीटर देणारी पेट्रोलची स्कूटर तेवढ्याच अंतराला पाच किलोच्या थोडं वर जाते. बॅटरी बनवतानाचं उत्सर्जन यात नाही. घरीच चार्ज करत असाल तर ही युनिट बिलात आधीच आली आहेत. वाहनाच्या रकान्यात पुन्हा भरलीत तर दुहेरी मोजणी होते.

१५. खर्चावरून हिशेब करणाऱ्या कॅल्क्युलेटरमध्ये सोन्याची खरेदी टाकली आणि आकडा आकाशाला भिडला. असं कसं?

तो रुपयांना गुणतो, ग्रॅमना नाही. सोन्याचा भाव दुप्पट झाला की त्याच दहा ग्रॅमचं उत्सर्जनही त्याच्या लेखी दुप्पट होतं. जुने दागिने मोडून नवे घडवले तर खाणकामाचा बोजा जवळपास नसतोच, पण बिल मोठं असल्याने तिथेही तो फसतो. पैठणी आणि तेवढ्याच किमतीचे दहा स्वस्त ड्रेस त्याला सारखेच दिसतात. कपडे, फर्निचर, मोबाइल यांची संख्या विचारणारा कॅल्क्युलेटर मिळाला तर तो घ्या. नाहीतर खरेदीचा रकाना रिकामा ठेवून वीज, इंधन, विमान, अन्न एवढाच हिशेब पक्का करा.

१६. गावी चूल आहे, चार म्हशी आहेत, शेतीपंप आहे. हे सगळं भरायचं?

घराचं आणि शेतीचं खातं वेगळं ठेवा. वैयक्तिक हिशेब वापरणाऱ्याच्या नावावर होतो : डेअरीला घातलेलं दूध पिणाऱ्याच्या खात्यात जातं, घरी ठेवलेलं तुमच्या. पंपाची वीज आणि युरिया पिकाबरोबर खाणाऱ्याकडे जातात. शेतकऱ्याच्या माथी पुण्या-मुंबईच्या चहाचा मिथेन मारणं अन्यायाचं आहे.

चुलीच्या लाकडाचा कार्बन डायऑक्साइड बहुतेक कॅल्क्युलेटर शून्य धरतात, कारण तोडलेल्या जागी झाड वा काटक्या पुन्हा वाढतात असं मानलं जातं. बांधावरच्या बाभळीच्या फांद्या, तुराट्या, पऱ्हाट्या यांना ते लागू आहे. जंगलातलं उभं झाड तोडलं तर नाही. पण अर्धवट जळणातून मिथेन आणि काजळी निघते, आणि तो धूर स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या छातीत जातो. 'गॅसपेक्षा चूल हिरवी' असं कुणी कॅल्क्युलेटर दाखवून सांगू लागलं तर ऐकू नका.

१७. माझा आकडा ८०० किलो आला. भारताची सरासरी दोन टन. म्हणजे मी पास?

ही तुलना लागत नाही. देशाच्या सरासरीत, म्हणजे माणशी सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइडमध्ये, सिमेंट, पोलाद, मालवाहतूक, सरकारी कामं सगळं येतं. तुमच्या ८०० किलोत फक्त घरची वीज आणि इंधन आहे. तुम्ही राहता त्या इमारतीचं सिमेंट त्यात नाही. मिथेनसारखे वायू मिळवले तर देशाची सरासरी तीन टनांच्या जवळ जाते, जगाची साडेसहाच्या आसपास. आणि सरासरीत मेळघाटातलं एका दिव्याचं घर आणि मलबार हिलवरचं चार एसींचं घर एकत्र मिसळलेलं असतं. तुलना करायचीच तर स्वतःच्या मागच्या वर्षाशी करा.

१८. झाडं लावून आकडा वजा करता येतो का?

झाडं जरूर लावा, आकडा वजा करू नका. आज लावलेलं रोप पहिली काही वर्षं नगण्य कार्बन धरतं, आणि उन्हाळ्यात पाणी न मिळाल्यास तेही राहत नाही. विमानाचा धूर मात्र आजच हवेत गेलेला असतो. कॅल्क्युलेटरच्या शेवटी 'अमुक रुपये भरा आणि शून्य व्हा' असं बटण असेल तर ते दाबायची घाई नको. ते पैसे एसीची गळती काढायला किंवा जुना फ्रिज बदलायला वापरलेत तर परिणाम बिलावर दिसेल.

१९. ही सगळी तेल कंपन्यांची चाल आहे म्हणतात. खरं आहे का?

वैयक्तिक कार्बन मोजण्याची कल्पना घरोघर पोचवण्यात ब्रिटिश पेट्रोलियमच्या जाहिरातींचा मोठा हात होता. २००४ च्या सुमारास त्यांनी कॅल्क्युलेटरही काढला. जबाबदारी ग्राहकावर ढकलण्याचा तो डाव होता, हा आरोप मला पटतो. चंद्रपूरचं वीज केंद्र कोळशावर चालेल की नाही हे तुमच्या स्वयंपाकघरात ठरत नाही. पण हिशेब हातात असलेला माणूस सोसायटीच्या सभेत, ग्रामसभेत, वीज दरवाढीच्या जनसुनावणीत आकड्यांनिशी बोलू शकतो. मी तरी त्यासाठीच हिशेब ठेवायला सांगतो.

२०. कॅल्क्युलेटर मोबाइल नंबर आणि वीज ग्राहक क्रमांक मागतोय. देऊ का?

नका देऊ. गुणाकाराला दोन्हींची गरज नसते. युनिटचा आकडा पुरतो. त्याशिवाय पुढे जाऊ देत नसेल तर प्रश्न ३ मधले गुणांक वहीत उतरवून घ्या आणि हिशेब तिथेच मांडा.